घरातला जरबेरा: आठ महिन्यांनंतर

जरबेराची कुंडी घरात येऊन आठ महिने झाले. आणली तेव्हा चार फुलं होती, दोन कळ्या होत्या. महिन्याभरात ती सगळी गळून गेली आणि पुढचे दोन महिने नुसती पानं. घरात जरबेरा टिकत नाही असं बरेच जण म्हणतात. मलाही तेच वाटायला लागलं होतं. आता सांगते, टिकतो. पण दोन बाबतींत अजिबात तडजोड चालत नाही.

पहिली बाब उजेड. मी कुंडी खोलीच्या मधोमध टेबलावर ठेवली होती, कारण तिथे ती छान दिसायची. नव्या पानांचे देठ लांबच लांब, फिकट, सगळे खिडकीकडे कललेले. कळ्या धरत होत्या, पण पानांच्या बुडाशी वाटाण्याएवढ्या होऊन तिथेच काळ्या पडायच्या. मुळात हे दक्षिण आफ्रिकेतल्या उघड्या माळरानावरचं झाड. आपल्या डोळ्यांना जी खोली उजेडाची वाटते, ती त्याला अंधारीच. पूर्वेच्या खिडकीत, अगदी काचेला लागून ठेवल्यावर सकाळचं तीन-चार तास ऊन मिळायला लागलं आणि पाचव्या आठवड्यात पहिली कळी पानांच्या वर आली.

दुसरी बाब क्राऊन, म्हणजे सगळी पानं जिथून फुटतात तो गाभा. इथे माझी मोठी चूक झाली. कुंडी बदलताना रोप डगमगू नये म्हणून मी गाभ्याभोवती माती चांगली दाबून भरली. आठवड्याभरात मधली पानं माना टाकायला लागली. तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी एक पान हलकेच ओढलं, तर ते अलगद हातात आलं. देठाचं बूड तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचं. लगेच रोप उपसलं, सडलेलं सगळं काढून टाकलं आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), थोडं गांडूळखत अशा भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावलं, गाभा मातीच्या वर बोटभर उघडा ठेवून. निम्मी पानं गेली, रोप वाचलं. तेव्हापासून वरून पाणी घालतच नाही. मातीचा वरचा थर सुकला की सकाळी कुंडी पाण्याच्या ताटलीत वीस मिनिटं ठेवते आणि उरलेलं पाणी ओतून देते.

मध्यंतरी कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. जरबेराला थोडी आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५.५ ते ६.५. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने हा सामू वाढत जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) दिल्यावर पुढची पानं हिरवी आली. पांढरी माशी दोनदा आली, पानांच्या खालून निंबोळी तेल फवारून आटोक्यात आली.

सुकलेलं फूल कात्रीने कापू नका. उरलेला दांडा सडतो आणि सड गाभ्यापर्यंत पोचते. दांडा बुडाशी धरायचा, किंचित पिळायचा आणि बाजूला ओढायचा. बारीकसा आवाज होऊन तो मुळापासून सुटतो.

आणि फूल उमलत असताना रोज जवळून बघा. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो फुलांचा गुच्छ आहे. मधल्या चकतीतली इवली फुलं बाहेरून आत, एकेक वलय करत उमलतात. एकेका फुलात हे दहा-बारा दिवस चाललेलं मी पाहिलं. मला तरी या झाडाचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं.

हवा शुद्ध होते म्हणून मात्र घेऊ नका. झाडं घरातली हवा शुद्ध करतात यासाठी नासाचा १९८९चा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, तो छोट्या बंद पेट्यांमध्ये केलेला होता. घरात सतत हवा खेळत असते, तिथे एका कुंडीने फरक पडत नाही. घरात मांजर असेल तर निर्धास्त घ्या, जरबेरा तिला विषारी नाही. शेवंती असते.

आज कुंडीत तीन फुलं आहेत. ऊन येणारी खिडकी नसेल तर मी हे झाड सुचवणार नाही. असेल तर रोप निवडताना फुलांकडे नंतर बघा. आधी पानं बाजूला सारून गाभा कोरडा आणि घट्ट आहे ना ते पाहा, आणि आत बारीक कळ्या दिसतात का ते.