रेडिओचा निवेदक की ॲपची प्लेलिस्ट?

नवी गाणी शोधायची असतील तर ॲपच सरस. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येकाच्या आवडीची ३० गाणी काढून देते. निवेदक सगळ्यांना एकच गाणं ऐकवतो, वर जाहिराती.

पण पूर आला, वीज गेली, तरी प्लेलिस्ट आपली प्रेमगीतं वाजवत राहते. निवेदक गाणं मध्येच थांबवून कुठला पूल बंद आहे ते सांगतो, अडकलेल्याचा फोन थेट प्रक्षेपणात घेतो. अर्थात, तो स्टुडिओत हजर असेल तर! आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या बडबडीपेक्षा मला प्लेलिस्ट परवडली.

गंमत म्हणजे, २०२३ मध्ये स्पॉटिफायनेच गाण्यांच्या मध्ये बोलणारा कृत्रिम डीजे आणला. त्याला फोन मात्र लावता येत नाही.