एकेरी दोरावर झिगझॅग की अकिंबो?

कोल्हापुरात वळवाच्या तोंडावर फांद्या उतरवायची कामं एकदम येतात, आणि एकेरी दोरावर चढायला शिकलेली पोरं विचारतात, कुठलं डिसेंडर, म्हणजे दोर पकडून धरणारं आणि हळूहळू खाली उतरवणारं साधन, घ्यायचं? झिगझॅग की अकिंबो?

पेट्झल कंपनीचं झिगझॅग मुळात दुहेरी दोरासाठी, म्हणजे फांदीवरून वळवून दोन पदर केलेल्या दोरासाठी बनलंय. एकेरी दोरावर सगळं वजन एकाच पदरावर येतं, म्हणून त्याच्यावर शिकेन हा जादा ब्रेक लावावाच लागतो. शिकेनशिवाय एकेरी दोरावर झिगझॅग अजिबात वापरू नका, ‘चार फूट तर उतरायचंय’ म्हणूनसुद्धा नाही. दोघांची जोडी मात्र सुरेख चालते. उतरताना हाताला अंदाज येतो, घर्षण जुळवत बसावं लागत नाही. अडचण एकच, झिगझॅगमध्ये दोर टोकाकडूनच ओवावा लागतो.

रॉक एक्झॉटिका कंपनीचं अकिंबो दोराच्या मधेच उघडून बसवता येतं, वेगळा ब्रेक लागत नाही. फांदीवर जागा बदलताना हे फार सोयीचं. पण त्याचं घर्षण दोराची जाडी आणि आपलं वजन बघून स्वतः जुळवायचं असतं. आपल्याकडे खरी परीक्षा इथंच होते. वडाचा चीक दोराला लागला की पकड बदलते, सरीनं दोर भिजला की पुन्हा बदलते. म्हणून दर वेळी जमिनीलगत लटकून बघायचं, मगच वर जायचं.

नवख्यानं झिगझॅग-शिकेनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. हात बसलेल्या गड्यानं अकिंबो जरूर घ्यावं. दोर मात्र कंपनीनं सांगितलेल्या जाडीचाच हवा, बाजारातला कासरा चालणार नाही.