एनपीटीईएलचा थर्मोचा कोर्स क्रेडिटसाठी केला, त्याचा अनुभव

आधी सरळ सांगते. कोर्स चांगला आहे, शिकायला फुकट आहे, शिकवणारे आयआयटीचे प्राध्यापक आहेत, आणि तरीही आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पदरात क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, पडलं नाही. ते का, हे लिहायला बसले आहे. मी परभणी जिल्ह्यातली, बीएस्सी दुसरं वर्ष, मेजर केमिस्ट्री. जुलैच्या सत्रात थर्मोडायनामिक्सचा १२ आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आलं. त्यानंतर ते क्रेडिट मार्कशीटवर चढायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दुसरा कोर्स अर्धा झाला असता.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वयं हे केंद्र सरकारचं पोर्टल, २०१७ पासूनचं. एनपीटीईएल त्याहून जुनं, आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने २००३ मध्ये सुरू केलेलं. आता त्यांचे कोर्स स्वयं पोर्टलवरच असतात, म्हणून पोरं दोन्ही नावं एकाच अर्थाने वापरतात. पण फरक आहे. एनपीटीईएलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. स्वयंवरच्या सीईसी, इग्नू वगैरे दुसऱ्या संस्थांच्या कोर्सची परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते आणि तिथे ३०-७० चालतं. व्हिडिओ बघायला, असाइनमेंट सोडवायला पैसे नाहीत. पैसे फक्त परीक्षेचे, मी एका कोर्सचे १००० रुपये भरले. एनरोल झालो म्हणजे परीक्षेला बसलो, असं मात्र समजू नका. परीक्षेचा फॉर्म वेगळा निघतो, त्याची तारीख वेगळी, आणि ज्या ईमेलने एनरोल झालात त्याच ईमेलने तो भरायचा. आमच्यातल्या एकाने एनरोल वडिलांच्या मोबाइलमधल्या ईमेलने केलं आणि फॉर्म स्वतःच्या ईमेलने भरला. मग त्याची जी धावपळ झाली ती विचारू नका.

आता असाइनमेंट. दर आठवड्याला व्हिडिओ येतात आणि सोबत एक असाइनमेंट, ती बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होते. मुदतीच्या आत कितीही वेळा सबमिट करा, शेवटचं धरतात. १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ मोजतात, म्हणजे चार बुडाल्या तरी बिघडत नाही. हे कळलं की पोरं निवांत होतात. त्यात मुदत संपायच्या आधीच यूट्यूबवर, टेलिग्रामवर त्या आठवड्याची उत्तरं फिरायला लागतात. टिकमार्क करत गेलं की २५ पैकी २३-२४ कुठेच गेले नाहीत. ग्यानबाची मेख इथेच आहे.

हिशोब करून बघा. परीक्षा १०० गुणांची, त्याचे ७५ धरतात. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. परीक्षेत १०० पैकी ३९ पडले तर त्याचे झाले २९.२५. असाइनमेंटला २४ असतील तर बेरीज ५३ च्या वर जाते, आणि तरी सर्टिफिकेट नाही. आमच्याकडचे जे अडकले ते असेच अडकले. असाइनमेंटचे गुण बघून त्यांना वाटत राहिलं की विषय येतो. ज्यांचे असाइनमेंटला १७-१८ च होते पण स्वतःचे होते, ते बहुतेक सुटले. ४० ला नुसतं पास, ६० ला एलिट, ७५ ला त्यावर सिल्व्हर, ९० ला गोल्ड. मला ६८ आले, एलिट. थर्मोला ९० आणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

परीक्षा कशी असते हे कळावं म्हणून एक नमुना देते. हा परीक्षेत आलेला प्रश्न नाही, माझ्या वहीतला आहे, पण धाटणी तीच. ३०० केल्विनला एक मोल आदर्श वायू १० लिटरवरून २० लिटरपर्यंत पसरतो. एकदा रिव्हर्सिबल पद्धतीने, तापमान तेच ठेवून. काम काढायचं तर उणे आरटी (आर हा वायू स्थिरांक, टी तापमान) गुणिले नैसर्गिक लॉग २, म्हणजे ८.३१४ गुणिले ३०० गुणिले ०.६९३, साधारण उणे १७२९ जूल. हे बारावीपासून पाठ आहे. आता तोच वायू, तेवढाच, पण उष्णतारोधक भांड्यात मधला पडदा काढून निर्वातात सोडला. समोरून दाब नाही म्हणून काम शून्य, उष्णताही शून्य, वायू आदर्श म्हणून तापमान जागेवर. मग वायूच्या एन्ट्रॉपीत फरक किती? 'क्यू भागिले टी', म्हणजे उष्णता भागिले तापमान, एवढंच घोकलेला शून्यावर टिक करून पुढे जातो. उत्तर आहे आर गुणिले लॉग २, म्हणजे ५.७६ जूल प्रति केल्विन, आणि ते पहिल्या वेळेसही तेवढंच होतं. सुरुवात आणि शेवट सारखे असले की एन्ट्रॉपीला मधल्या वाटेशी देणंघेणं नाही. ते सूत्रातलं क्यू रिव्हर्सिबल वाटेवरचं असतं. फरक पडतो तो भोवतालात. पहिल्या वेळेस भोवतालाने उष्णता दिली, त्याची एन्ट्रॉपी तेवढीच घटली, बेरीज शून्य. दुसऱ्या वेळेस भोवतालाला पत्ताच नाही, म्हणून बेरीज ५.७६ ने वाढली.

हे व्हिडिओत सर चार-पाच मिनिटांत सांगून मोकळे होतात आणि आपली मान डोलत राहते. पेन घेऊन बसलं की हात थांबतो. मी नंतर नंतर असं करायला लागले: व्हिडिओ बघायचा, बंद करायचा, सरांनी फळ्यावर काढलेली सिद्धता न बघता वहीत उतरवायची, अडलं की तेवढाच भाग पुन्हा लावायचा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास जातो. कंटाळा येतो. पण परीक्षेत जे आठवलं ते वहीतलं आठवलं, स्क्रीनवरचं नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या पोरांनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात निस्तरावी. आपल्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात अंतर्गत ऊर्जेतला बदल क्यू उणे डब्ल्यू असा येतो, केमिस्ट्रीच्या पुस्तकात क्यू अधिक डब्ल्यू. दोन्ही बरोबर, एकीकडे वायूने केलेलं काम धन, दुसरीकडे वायूवर झालेलं. कोर्सचे सर कोणतं धरतात ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तसंच आर कुठे ८.३१४ घ्यायचा आणि कुठे ०.०८२१. लिटर-ॲटमॉस्फिअरमध्ये उत्तर काढून ते जूलच्या पर्यायांत शोधत बसलं तर सापडणार कसं? तिथे १०१.३ ने गुणावं लागतं. उत्तर आकड्यात टाइप करायचे प्रश्न असतील तर मग पर्याय बघून शंका यायचीही सोय नसते.

भाषेचं काय, असं गावाकडच्या मैत्रिणी हमखास विचारतात. माझं दहावीपर्यंत सेमी. इंग्रजीतून वाचता येतं, पण सर भरभर बोलायला लागले की सुरुवातीला वाक्यं निसटायची. सबटायटल लावून, वेग ०.७५ करून ऐकलं, पुढे १.२५ वर गेले. व्याख्यानांचं लिखित रूप पीडीएफमध्ये मिळतं, ते फार कामाचं. काही कोर्सचं भाषांतर मराठीतही आहे, एनरोल व्हायच्या आधी तुमच्या कोर्सचं आहे का ते बघा. प्रश्नपत्रिका मात्र माझी इंग्रजीतच होती, त्यामुळे संज्ञा इंग्रजीतूनच पक्क्या केलेल्या बऱ्या.

आता आपल्याकडची अडचण, जी पुण्या-मुंबईच्या अनुभवांत कुणी लिहीत नाही. जुलैचं सत्र म्हणजे परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटाला, आणि तेव्हा आपल्याकडे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी एकदमच अंगावर येते. शेवटचे आठवडे कोर्समध्ये सगळ्यात जड, घरातही सगळ्यात जड. आबा एकदा वैतागून म्हणाले, "दिवसभर मोबाइलच बघायलीस, वेचणीला कोण यायचं?" आई म्हणाली, "परीक्षा हाय तिची, ऱ्हाऊ द्या की." मळणी यंत्र आलं त्या दिवशी मात्र मीही शेतातच होते, त्याला इलाज नाही. त्यात पावसाळ्यात गावची डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाइट नाही. म्हणून बुधवारची वाट बघू नका. पोर्टलवर आठवडा उघडला की कॉलेजात असतानाच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा आणि असाइनमेंट रविवारीच एकदा सबमिट करा, अर्धवट का असेना. नंतर सुधारता येते. शेतीचं घर असेल तर माझ्या मते जानेवारीचं सत्र जास्त सोयीचं. हरभरा, ज्वारी असते, पण एवढी ओढाताण नसते.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. फॉर्म भरताना शहरं निवडायची असतात; मावशी सिडकोत राहते म्हणून मी छत्रपती संभाजीनगर घेतलं. दुपारचं सत्र, दोन ते पाच. कॉम्प्युटरवर, स्वतःचा कॅल्क्युलेटर नाही, स्क्रीनवरचाच माउसने दाबायचा. लॉग आणि घातांक त्यावर कसे काढायचे याची घरी सवय करा, नाहीतर जीव मेटाकुटीला येतो. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही. तीन तास पुरतात.

खरी कसरत पुढे. सर्टिफिकेटवर शिफारस केलेले क्रेडिट छापून येतात: ४ आठवड्यांना १, ८ ला २, १२ ला ३. पण ही शिफारस आहे. ते क्रेडिट कोणत्या पेपरच्या बदल्यात धरायचे, धरायचे की नाही, हे आपलं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. यूजीसीचा २०२१ चा नियम एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयं पोर्टलवरून करायला मुभा देतो; मुभा देतो, हक्क देत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात आपले पेपर बहुतेक २ किंवा ४ क्रेडिटचे, आणि माझ्या हातात ३. ऑफिसात विचारलं तर एक म्हणे मेजरमध्ये धरू, दुसरे म्हणे दोनच घेऊ, एक वाया जाऊ दे, तिसऱ्यांनी साहेब रजेवर आहेत सांगितलं. शेवटी केमिस्ट्रीच्या मॅडमनी अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून कोणता घटक कुठे जुळतो याचा तक्ता करून दिला, तेव्हा तो कागद पुढे सरकला. २ क्रेडिटच्या पेपरसाठी धरले. एक क्रेडिट हवेत विरलं. ८ आठवड्यांचा घेतला असता तरी हिशोब तोच आला असता, आणि सोयाबीनच्या आत उरकला असता. प्रॅक्टिकलचे क्रेडिट यातून नाहीत, ते लॅबमध्येच.

नावाचं एक बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, असं आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्या पोरांचं असतं. सर्टिफिकेटवर तुम्ही फॉर्ममध्ये लिहाल तेच नाव येतं. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), डिजिलॉकर, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) ही सगळी गाडी आधारवरच्या नावाने चालते, तेव्हा फॉर्म भरताना आधार समोर ठेवा. एका अक्षरासाठी मैत्रिणीला प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

माझा आतेभाऊ अमेरिकेत शिकतो, त्याला हे सांगितलं तर हसला. तिकडे क्लेप म्हणून कॉलेज बोर्डाची परीक्षा असते, घरी अभ्यास करून थेट परीक्षा द्यायची. त्याने केमिस्ट्रीची दिलेली: ९० मिनिटांत ७५ प्रश्न, गुण २० ते ८० च्या पट्टीवर, ५० किंवा जास्त आले तर क्रेडिट द्यावं अशी शिफारस. असाइनमेंट नाही, बुधवार नाही. मला क्षणभर हेवा वाटला. पण तिथेही अट तीच, क्रेडिट द्यायचं की नाही आणि कितीला द्यायचं ते ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. आणि खरं सांगायचं तर असाइनमेंटचा आठवड्याचा धाक नसता तर मी तिसऱ्या आठवड्यानंतर ते व्हिडिओ उघडलेच नसते.

कुणी करावा? ज्याला एमएस्सी किंवा नेट, जॅमसारख्या परीक्षांच्या वाटेला जायचंय त्याने डोळे झाकून. कॉलेजात थर्मो जेमतेम उरकतात, इथे पूर्ण होतं. ज्याला फक्त एक पेपर कमी करायचाय त्याने विचार करावा. कॉलेजचा पेपर देणं याहून सोपं आहे. आणि ज्याचं कॉलेज एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं कॉलेज, आहे त्याने तिथल्या समन्वयक सरांना आधी गाठावं. मेंटॉर म्हणून नेमलेल्या प्राध्यापकांना तुमची असाइनमेंटची प्रगती दिसते, अडलं तर ते विचारतात तरी.

जानेवारीत मी स्पेक्ट्रोस्कोपीचा ८ आठवड्यांचा घेतला आहे. एनरोल व्हायच्या आधी कोणत्या पेपरच्या बदल्यात धरणार ते अर्जावर लिहून विभागप्रमुखांची सही आणि आवक क्रमांक घेतला, त्याची झेरॉक्स परीक्षा विभागात दिली. तिथल्या बाबूंनी विचारलं, "एवढ्या लवकर कशाला?" मी थर्मोची फाइल दाखवली. त्यांनी अर्ज ठेवून घेतला.