फिटच्या गोळ्या आणि बाळाचा विचार: व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन की लेव्हेटिरासेटाम?

फिटच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने बाळाचा विषय काढला की घरातून दोनच सल्ले येतात. कुणी म्हणतं गोळ्या बंद कर, कुणी म्हणतं बाळाचा विचार सोड. दोन्ही चुकीचे आहेत. अशा दहातल्या नऊहून जास्त बायकांची बाळं धडधाकट जन्माला येतात. ठरवायचं असतं ते एवढंच, की कोणत्या गोळीवर असताना दिवस जाऊ द्यायचे आणि गोळी बदलायची असेल तर ते काम कधी सुरू करायचं. ते पाळी चुकण्याच्या कितीतरी महिने आधी सुरू व्हायला हवं, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसून न्यूरोलॉजिस्टचा नंबर लागेपर्यंत ती वेळ बहुधा निघून गेलेली असते.

आधी हातातली चिठ्ठी वाचा

चिठ्ठीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं बारीक. एन्कोरेट किंवा व्हॅल्परिन लिहिलं असेल तर आत व्हॅल्प्रोएट आहे. डायव्हॅलप्रोएक्स हेही त्याच घराण्यातलं. ही औषधं अर्धशिशीसाठी आणि मनाच्या आजारासाठीही देतात, त्यामुळे 'मला तर फिट येत नाही' म्हणून पुढे जाऊ नका. लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासेटाम, लॅमेटेक म्हणजे लॅमोट्रिजिन, टेग्रिटॉल म्हणजे कार्बामॅझेपिन, एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन आणि गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन.

गर्भारपणात एकच औषध घेणाऱ्या बायकांची अनेक देशांतली मोठी नोंदणी आहे. तिचे २०१८ साली आलेले आकडे समोर ठेवू. बाळात मोठं जन्मजात व्यंग आढळण्याचं प्रमाण व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, फेनोबार्बिटोनवर ६.५, फेनिटॉइनवर ६.४, कार्बामॅझेपिनवर ५.५, टोपिरामेटवर ३.९, लॅमोट्रिजिनवर २.९ आणि लेव्हेटिरासेटामवर २.८ टक्के होतं. कोणतंच औषध न घेणाऱ्या बायकांतही हे प्रमाण २ ते ३ टक्के असतंच. म्हणजे शेवटच्या दोन औषधांमुळे धोका जवळजवळ वाढत नाही. आपल्याकडेही केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशी नोंदणी चालू आहे, तेव्हा हा प्रश्न फक्त परदेशातला नाही.

व्हॅल्प्रोएट का सोडायचं, आणि एकदम का नाही

व्हॅल्प्रोएटचा धोका डोसप्रमाणे चढतो. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत तो ६.३ टक्के होता आणि १४५० च्या वर २५ टक्क्यांवर गेला. पण व्यंगापेक्षाही जास्त काळजी करावी अशी गोष्ट सोनोग्राफीत दिसतच नाही. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांपैकी ३० ते ४० टक्के मुलांना बोलणं, चालणं, शिकणं, लक्ष देणं यांपैकी कशात तरी अडचण येते. एका मोठ्या अभ्यासात सहाव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ आला, तर लॅमोट्रिजिनवरच्या आईच्या मुलांचा १०८. मणका तर पहिल्या महिन्यात घडतो, मेंदू मात्र नऊही महिने वाढत असतो. म्हणून 'तिसरा महिना उलटला, आता काही नाही' हा दिलासा व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत खरा नाही. फॉलिक अ‍ॅसिड घेतल्याने हा धोका पुसला जात नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

तरीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एकदम थांबवली की फिटवर फिट येऊ शकते, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. दिवस आधीच राहिले असतील तर गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टला गाठा. डोस कमी करायचा, दिवसात विभागून द्यायचा की दुसरं औषध जोडायचं, हे ते ठरवतील. काही थोड्या बायकांची फिट फक्त व्हॅल्प्रोएटनेच आवरते. त्यांच्यासाठी सगळ्यांत कमी डोसवर राहणं हाही एक निर्णय असतो, पण तो सगळं ऐकून, समजून घेतलेला असावा.

लॅमोट्रिजिन की लेव्हेटिरासेटाम

बाळाच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखीच. फरक आईच्या बाजूने पडतो.

पहिला फरक वेळेचा. लॅमोट्रिजिन फार हळू चढवावं लागतं. एरवी पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू वर. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुरुवात त्याच्याही अर्ध्याने होते: २५ ची गोळी दिवसाआड दोन आठवडे, मग रोज २५. घाई केली तर अंगावर उठणारं पुरळ क्वचित जिवावर बेतणारं असतं. पुरळासोबत ताप आला, तोंड आलं, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही. इथे आणखी एक खाचखळगा आहे. व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरात धरून ठेवतं. ते काढलं की रक्तातलं लॅमोट्रिजिन निम्म्यावर येतं, आणि तोच डोस अचानक अपुरा पडतो. गोळी बदलताना सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि शेवटच्या टप्प्यात फिट येते, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. लॅमोट्रिजिन सलग पाचेक दिवस चुकलं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागतं. लेव्हेटिरासेटाममध्ये हे काही नाही. २५० किंवा ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून एक-दोन आठवड्यांत डोस वाढवता येतो.

दुसरा फरक मनाचा. लेव्हेटिरासेटामवर काही बायका चिडचिड्या होतात, रडू येतं, उदास वाटतं. सासरी 'हिचा स्वभावच बदलला' असं बोललं जातं आणि गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर लॅमोट्रिजिन बरं. ते मनाला जड जात नाही.

तिसरा फरक फिटच्या प्रकाराचा. सकाळी उठल्यावर हात झटकतात, हातातला चहाचा कप उडतो, आणि कधी मोठी फिट येते, अशा तरुणपणी सुरू होणाऱ्या प्रकारात लॅमोट्रिजिनने झटके वाढू शकतात. तिथे आमचा कौल लेव्हेटिरासेटामला. फिट अंगाच्या एका भागापासून सुरू होत असेल तर दोन्ही चालतात.

चौथा फरक नऊ महिन्यांतला. दोन्ही औषधं गर्भारपणात शरीराबाहेर लवकर पडतात, पण लॅमोट्रिजिनचं प्रत्येकीत वेगळं असतं. कुणाला डोस दीडपट करावा लागतो, कुणाला दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणून दिवस जाण्याआधी, ज्या डोसवर फिट थांबली आहे त्याच डोसवर, रक्तातली पातळी एकदा मोजून ठेवा. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. हा आकडा हातात असला की पुढे दर महिन्याला तुलना करता येते. पातळी मूळच्या ६५ टक्क्यांखाली गेली की फिट परतण्याची शक्यता वाढते. ही तपासणी प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, तेव्हा कुठे होते, किती दिवसांत अहवाल मिळतो, हे आधीच विचारून ठेवा. लेव्हेटिरासेटामची पातळी पहिल्या तीन महिन्यांतच खाली येते, म्हणून तिथे डोसचा विचार लवकर करावा लागतो.

लेव्हेटिरासेटामचं इंजेक्शन मिळतं, लॅमोट्रिजिनचं मिळत नाही. उलट्यांनी पोटात काही टिकेनासं झालं किंवा सिझर करावं लागलं तर या एका गोष्टीने फार सोय होते.

आमचं मत असं: हातात सहा महिने ते वर्ष असेल, उदासीचा त्रास असेल आणि दर महिन्याला तपासणी जमणार असेल तर लॅमोट्रिजिन. वेळ कमी असेल, सकाळचे झटके असतील किंवा पातळी मोजायची सोय नसेल तर लेव्हेटिरासेटाम. दोन्हींत कंपनी मात्र सारखी बदलू नका. इंदूरच्या दवा बाजारात दुसऱ्या कंपनीची गोळी स्वस्त मिळाली म्हणून ऐनवेळी घेणं टाळा. पहिल्यापासून स्वस्तच निवडायची असेल तर तीच शेवटपर्यंत ठेवा.

बाकीची औषधं, आणि गोळी बंद करण्याचा पर्याय

कार्बामॅझेपिनवर वर्षानुवर्षं फिट आली नसेल तर ते बदलायची घाई नको. गर्भारपणात त्याची पातळी फारशी हलत नाही. कमीत कमी डोस पुरे. गार्डिनल आणि एप्टॉइन स्वस्त म्हणून चालत आलेली असतात, वेळ असेल तर बदलावीत. टोपिरामेटने ओठ-टाळू दुभंगण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो.

दोन-तीन वर्षांत एकही फिट नसेल, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) स्वच्छ असेल आणि डॉक्टरांना फिटचा प्रकार सौम्य वाटत असेल तर गोळी हळूहळू बंद करता येते. मात्र शेवटच्या गोळीनंतर निदान सहा महिने गर्भ राहू देऊ नये. फिट परतायची असेल तर बहुधा याच काळात परतते. सकाळच्या झटक्यांच्या प्रकारात हा पर्याय जवळजवळ नसतोच. औषध कमी होत असताना किंवा बदलत असताना स्कूटी चालवायची नाही.

नऊ महिने

दिवस जाण्याआधी नऊ महिने ते वर्षभर फिट नसेल तर ८४ ते ९२ टक्के बायकांचं गर्भारपणही फिटविना जातं. फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी सुरू करा. कमीत कमी ०.४ मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे सर्रास ५ ची गोळी देतात. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. व्हॅल्प्रोएट किंवा दोन औषधं असतील तर बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी विचारा.

सकाळच्या ओकारीत गोळी पडली आणि अख्खी दिसली तर पुन्हा घ्यायची. वेळ दुपारकडे सरकवायची असेल तर डॉक्टरांना विचारून, रोज तीच वेळ ठेवा. आणि झोप! हरतालिकेचा निर्जळ उपवास आणि वर रात्रीचं जागरण, किंवा अनंत चतुर्दशीला रात्रभर झाक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघणं, हे यंदा नको. फुलं-पत्री वाहून पूजा करा, जेवा, गोळी घ्या, झोपा.

फिट आलीच तर घरच्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा पाणी घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा पोटावर पडली तर दवाखाना. मिडाझोलामचा नाकातला फवारा घरात कसा वापरायचा हे आधीच शिकून घ्या. पाचव्या महिन्यानंतरची प्रत्येक फिट जुनीच आहे असं समजू नका. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासायलाच हवं, कारण गर्भारपणात रक्तदाब वाढून येणारा झटका (बाळंतवात, म्हणजे एक्लॅम्प्सिया) अगदी तसाच दिसतो आणि त्याचा उपचार वेगळा, मॅग्नेशियम सल्फेटचा असतो.

माहेर की इंदूर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे अजून घट्ट आहे. तुम्ही राहता इंदूरला आणि माहेर जवळ देवासला असेल तर तासाभरात इंदूर गाठता येतं. बुऱ्हाणपूर किंवा बैतूलसारखं दूर असेल तर सातव्या महिन्यात तिकडे जाणं म्हणजे डोस ठरवणारा डॉक्टर मागे सोडून जाणं. नेमके हेच महिने डोस वाढवायचे असतात. अशा वेळी आईलाच इंदूरला बोलवा. खाजगी प्रसूतिगृह निवडताना तीन गोष्टी विचारा: बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, रात्री भूलतज्ज्ञ येतो का, आणि न्यूरोलॉजिस्टशी फोनवर बोलणं होतं का. सरकारी सोय हवी असेल तर इंदूरला एम.वाय. आणि एम.टी.एच. ही सरकारी रुग्णालयं आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिथे फिटची नोंद कार्डावर ठळक करून घ्या.

फिटचा आजार आहे म्हणून सिझर करायचं कारण नाही. कळा सुरू असताना किंवा त्यानंतरच्या २४ तासांत फिट येण्याची शक्यता प्रत्येकी १ ते २ टक्के असते, आणि ती वाढते गोळी चुकल्याने. 'काही खायचं-प्यायचं नाही' असं नर्सने सांगितलं की गोळीही राहते. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊ द्या, हे केसपेपरवर आधीच लिहून घ्या. दुखण्यासाठी ट्रॅमाडोल आणि पेथिडिन नको. कळांचं दुखणं थांबवायला कमरेत मणक्याजवळ देतात ते इंजेक्शन (एपिड्युरल) चालतं. बाळाला जन्मल्यावर १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के.

बाळ हातात आल्यावर

वाढवलेला लॅमोट्रिजिनचा डोस बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत खाली आणावा लागतो. नाहीतर चक्कर, एकाचं दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं आणि सगळे म्हणतात अशक्तपणा आहे. कमी कसा करायचा याची तारीखवार चिठ्ठी आठव्या महिन्यातच मागून घ्या.

अंगावर पाजणं दोन्ही औषधांत चालतं. गार्डिनलवर बाळ झोपाळू होतं, नीट ओढत नाही. वजनावर लक्ष ठेवा. खरी अडचण रात्रीच्या झोपेची. रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर आजीने किंवा बाबांनी सांभाळावं, म्हणजे आईला सलग चार-पाच तास मिळतात. पाचवीच्या रात्रीचं जागरण बाकीच्यांनी करावं, बाळंतिणीने नाही. नेमक्या त्या दिवसांत फिटचा धोका वाढलेला असतो.

बाळाला जमिनीवर चटई घालून बसून पाजा, लंगोट खालीच बदला. बाळाची आंघोळ एकटीने घालू नका. स्वतःच्या आंघोळीला दाराची कडी लावू नका.

सासरी आजार लपवला असेल तर गोळ्या चुकतात, हे वारंवार होतं. लग्न करणाऱ्याला फिटचा आजार नसावा, ही अट १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकली आहे, म्हणून निदान नवऱ्याला तरी डोस आणि वेळा माहीत असू द्या.

पुढच्या गर्भापर्यंत अंतर ठेवायला तांबी सगळ्या औषधांबरोबर चालते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीने लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यावर येऊ शकते. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन उलट त्या गोळीलाच कमजोर करतात. लेव्हेटिरासेटामचा तिच्याशी काही झगडा नाही.