कारखान्यातला धूर: उघडा जिना की दाराआडचा जिना?

ढाक्याजवळच्या आशुलियात 24 नोव्हेंबर 2012 रोजी ताझरीन फॅशन्स या कपड्यांच्या बहुमजली कारखान्याला आग लागली आणि शंभराहून अधिक कामगार गेले. आग तळमजल्यावरच्या सूत-कापडाच्या साठ्यात सुरू झाली. जिने तीन होते, पण तिन्ही त्याच तळमजल्यावर उतरत होते.

उघड्या, म्हणजे भिंती-दाराने बंद न केलेल्या जिन्याचा धोका हाच. छताखालून आडवा पसरणारा धूर माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतो. पण जिन्याची पोकळी सापडली की तोच गरम, हलका धूर सेकंदाला काही मीटर वेगाने वर चढतो. वरच्या मजल्यावर ज्वाळा दिसायच्या आधीच सुटकेची वाट काळ्या धुराने भरते. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर दिसतही नाही. मालाची ने-आण सोपी होते म्हणून असा जिना ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

बंदिस्त जिन्याला आगरोधक भिंती आणि आपोआप मिटणारं दार असतं. उंच इमारतींत पंख्यांनी जिन्यातला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 50 पास्कल जास्त ठेवतात, म्हणजे फटींतूनही धूर आत शिरत नाही. मात्र दाराला पाचर लावून ते उघडं ठेवलं, की हा सगळा खर्च वाया. आणि कुलूप लावलं तर त्याहून वाईट: न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात 1911 साली 146 जण मेले, तिथे जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं.

माझी निवड बंदिस्त जिन्याचीच, पण तो खाली गोदामात न उतरता थेट इमारतीबाहेर उघडणारा हवा.