फाइनमनचे तीन खंड: पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात जुना संच घेताना

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन म्हटलं की लोकांना १९६५चं नोबेल, बोंगो आणि चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशीत बर्फाच्या पाण्यात बुडवलेला रबराचा तुकडा आठवतो. पण त्याच्या नावाचा खरा टिकाऊ माल म्हणजे १९६१ ते ६३ दरम्यान कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) दिलेल्या भौतिकशास्त्राच्या व्याख्यानांचे हे तीन खंड.

जुना संच घेताना आधी प्रकरणं मोजा: ५२, ४२, २१. मग पहिल्या खंडातलं २२वं प्रकरण उघडा. तिथे १०चं वर्गमूळ सलग दहा वेळा काढून १.००२२५११पर्यंत नेलंय आणि त्यावरून लॉगचं कोष्टक रचलंय. यातले शेवटचे दशांश फिके किंवा तुटलेले दिसले तर प्रत झेरॉक्सची समजा. अशा प्रतीत घातांक आणि सदिशांची ठळक अक्षरं हमखास मार खातात, आणि दुसऱ्या खंडात सदिश ओळखू आला नाही तर समीकरण वाचणार काय, कपाळ?

पैसे कमी असतील तर तिसरा खंड सुटा घ्यायला हरकत नाही. त्यासाठी लागणारी पहिल्यातली ३७ आणि ३८ ही प्रकरणं त्यात जवळपास जशीच्या तशी आहेत.

उणीव एकच, पण मोठी: खंडांत सोडवायला उदाहरणं नाहीत, ती वेगळ्या पुस्तकात आहेत. बारावीनंतर प्रवेश परीक्षेसाठी हा संच घेऊ नका; बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शोभेल. मजकूर कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, तेव्हा विकत घ्यायचाच तर छपाई बघूनच घ्या.