टोलमाफी की एसटीचं अर्धं तिकीट?

दोन्ही सवलती सरकारनेच दिलेल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, आणि १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी. (दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली, हा योगायोग समजायचा!)

टोलमाफीने ठाणेकर कारवाल्याचे ४५ रुपये वाचले, हे खरंच. आनंदनगर टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जतही संपली. पण ट्रक-टेम्पोंचा टोल चालूच, म्हणून नाका जागेवरच राहिला. शिवाय गाडी काढणं स्वस्त झालं की गाड्या वाढणारच.

एसटीचं गणित वेगळं. ठाण्याच्या खोपट आगारातून मुरबाडकडे भाजी आणायला, माहेरी किंवा दवाखान्यात जाणाऱ्या बाईच्या हातात रोजचे पैसे उरतात, आणि बस भरते. मेख एकच: सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायला हवी. ती थकली की नव्या गाड्या लांबतात, जुन्या घाटात बंद पडतात, आणि अर्धं तिकीट काढूनही बाई उभीच.

तरी निवड करायची तर मी एसटीलाच मत देईन. टोलचे पैसे भरणाऱ्याला ते परवडत होते.